मार्क ब्रेलँड: नऊ मिनिटांचा राजा

111 लढती, 110 विजय, एक हार. त्यातल्या 73 लढती पूर्ण वेळ चाललेल्याच नाहीत, कारण समोरचा त्याआधीच आडवा. गावच्या जत्रेत एखाद्या पैलवानाबद्दल कुणी असं सांगितलं असतं, तर आपण हसून चहाचा घोट घेतला असता. पण हा आकडा अमेरिकेच्या मार्क ब्रेलँडचा आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये अमेरिकेचा आजवरचा सगळ्यात भारी कोण, हा वाद जिथे रंगतो तिथे त्याचं नाव पहिल्या दोन-चारांत निघतंच.

आता त्याचा दुसरा आकडा बघा. व्यावसायिक लढती 39, विजय 35, पराभव 3, बरोबरी 1. वेल्टरवेट या वजनी गटात दोनदा जगज्जेता. कुणीही छाती फुगवून सांगावं असंच हे काम आहे. तरीही बॉक्सिंगवाल्या मंडळींत ब्रेलँडचा विषय निघाला की एक सुस्कारा ऐकू येतो: ‘व्हायला हवा होता तेवढा मोठा झाला नाही.’

मला हा सुस्कारा अन्यायाचा वाटतो. तो सोडणारे लोक दोन वेगळ्या खेळांना एकच खेळ समजतात. हौशी बॉक्सिंग आणि व्यावसायिक बॉक्सिंग दिसायला जुळ्या भावांसारखे असले, तरी त्यांचे स्वभाव फार निराळे. ब्रेलँडची कारकीर्द समोर ठेवली की हा फरक जितका स्वच्छ दिसतो, तितका नियमांचं पुस्तक वाचून दिसत नाही.

आपल्याकडे हे समजावून सांगायला सोपं आहे, कारण आपण कुस्ती बघतो. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा का, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गादीवर गुण मोजले जातात, घड्याळ चालतं, वेग लागतो. मातीत रग लागते, आणि अंगात माती भिनलेला गडी समोरच्याला दमवून दमवून पाडतो. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला गेले तेव्हा त्यांना पहिल्यांदा गादीशी गाठ घालावी लागली. बॉक्सिंगमधला फरक साधारण तसाच, फक्त इथे मार बसतो.

ब्रेलँडचा जन्म 11 मे 1963 चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. तो वाढला तो बेडफर्ड-स्टायव्हेसंट हा भाग त्या काळी गरिबीसाठी आणि मारामाऱ्यांसाठी बदनाम होता. उंची सहा फूट दोन इंचांच्या वर आणि वजन 67 किलो! हे वजन नीट लक्षात घ्या. वेल्टरवेट म्हणजे व्यावसायिक हिशोबात 147 पौंड, म्हणजे साधारण 66.7 किलो. या गटातले बहुतेक बॉक्सर पाच फूट आठ-नऊ इंचांच्या आसपास, भरीव मांड्यांचे, रुंद खांद्यांचे असतात. त्यांच्यासमोर ब्रेलँड उभा राहिला की उसाच्या फडात मध्येच शेवग्याचं झाड उगवल्यासारखं दिसायचं.

या उंचीचा त्याने काय उपयोग केला? त्याचं मुख्य हत्यार होतं जॅब. पुढच्या हाताने, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हाताने, खांद्यातून सरळ रेषेत मारलेला ठोसा. हा ठोसा सहसा कुणाला झोपवत नाही. दार वाजवल्यासारखा तो वाजत राहतो: नाकावर, कपाळावर, पुन्हा नाकावर. समोरच्याची मान मागे जाते, डोळ्यांत पाणी येतं, तोल जातो, पुढे यायला धजावत नाही. ब्रेलँडचा हात इतका लांब की त्याचा जॅब पोचायचा तिथून समोरच्याचा ठोसा हवेत संपायचा. आणि जॅबने दार किलकिलं झालं की मागून उजवा हात यायचा, सरळ, वळसा न घेता. 73 जण वेळेआधी घरी गेले ते या उजव्या हातामुळे. त्याच्या जुन्या लढतींच्या चित्रफिती बघताना माझं लक्ष त्याच्या हातांपेक्षा समोरच्याच्या पायांकडे जातं. ते पाय पुढे यायचं ठरवतात, अर्धं पाऊल टाकतात आणि विचार बदलतात.

न्यूयॉर्कची गोल्डन ग्लव्ह्ज ही हौशी बॉक्सिंगमधली मानाची स्पर्धा. ब्रेलँडने ती 1980 ते 1984 अशी सलग पाच वर्षं जिंकली. 1982 मध्ये म्युनिकला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने सोव्हिएत संघाच्या सेरिक कोनाकबायेवला हरवलं. हे मुद्दाम सांगतोय. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ आणि क्युबा यांनी बहिष्कार टाकला होता, त्यामुळे तिथल्या अमेरिकन सुवर्णपदकांकडे आजही काही लोक नाक मुरडून बघतात. ब्रेलँडच्या बाबतीत ते नाक मुरडणं चालत नाही. सोव्हिएत बॉक्सरशी त्याचा हिशोब दोन वर्षं आधीच पुरा झाला होता.

लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या संघाने बॉक्सिंगमधली 12 पैकी 9 सुवर्णपदकं लुटली. लुटलीच म्हणायचं. त्या संघात पर्नेल व्हिटेकर होता, मेल्ड्रिक टेलर होता, पुढे हेवीवेटचा राजा झालेला इव्हँडर होलीफील्ड होता (त्याला मात्र कांस्यावर थांबावं लागलं). या सगळ्यांत सगळ्यात जास्त बोलबाला होता तो ब्रेलँडचा. ऑलिंपिकच्या आधीच त्याने एका हॉलिवूडपटात काम केलेलं होतं, यावरून काय ते समजा. अंतिम फेरीत त्याने दक्षिण कोरियाच्या आन यंग-सूला 5-0 ने हरवलं.

हा 5-0 काय प्रकार आहे? हॉकीसारखे गोल नव्हेत. रिंगच्या कडेला पाच पंच बसायचे आणि प्रत्येक जण आपापल्या कागदावर फेरीगणिक गुण मांडायचा. फेरी जिंकणाऱ्याला 20, दुसऱ्याला त्याहून कमी. शेवटी किती पंचांच्या कागदावर कोण पुढे, एवढंच जाहीर व्हायचं. पाचही पंच एका बाजूला म्हणजे 5-0. (मराठीत बॉक्सिंगवर लिहिणाऱ्याची एक पंचाईत असते: आपल्याकडे पंच निकाल देतात आणि इंग्रजीत पंच मारतात. म्हणून या लेखात मारायचा तो ठोसा आणि बसलेला तो पंच.) पुढे 1992 पासून ऑलिंपिकमध्ये बटणं दाबून गुण देणारी यंत्रं आली आणि नंतर गेलीही, पण तो वेगळाच तमाशा आहे.

आता खरा मुद्दा. त्या काळची हौशी लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. एकूण नऊ मिनिटं, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. डोक्याला संरक्षक टोप, जो ऑलिंपिकमध्ये 1984 साली पहिल्यांदाच सक्तीचा झाला. अंगात बनियन. हातमोज्यावर बोटांच्या सांध्यांपाशी पांढरा पट्टा, म्हणजे ठोसा त्या भागाने बसला की नाही हे पंचाला दिसावं. कुणी गडबडला की रेफ्री मध्ये येऊन आठ अंक मोजणार, उभ्या उभ्या. समोरच्याला तुम्ही जमिनीवर पाडलं तरी त्या ठोशाचा भाव एका स्वच्छ ठोशाइतकाच. कारण हौशी बॉक्सिंगच्या लेखी प्रश्न असा असतो: कुणी जास्त नेमकं आणि जास्त वेळा मारलं?

या खेळासाठी लांब हात, वेग आणि सरळ ठोसे यांपेक्षा चांगलं भांडवल नाही. ब्रेलँडकडे तिन्ही होतं. आणि त्याची एक गोष्ट कुणाला कधी कळलीच नाही, कारण कळायचं कारण नव्हतं: दहाव्या मिनिटाला तो कसा असतो? 111 लढतींत एकदाही ते मिनिट आलं नव्हतं.

15 नोव्हेंबर 1984. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एकाच रात्री ऑलिंपिक संघातली ही पोरं व्यावसायिक म्हणून रिंगणात उतरली: ब्रेलँड, होलीफील्ड, व्हिटेकर, टेलर, टिरेल बिग्ज, व्हर्जिल हिल. ब्रेलँडने ड्वाइट विल्यम्सला सहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. संरक्षक टोप गेला, बनियन गेलं, पांढरा पट्टा गेला आणि पाचच्या जागी तीन पंच आले.

व्यावसायिक बॉक्सिंगचं गणित वरून साधं आहे. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला सहसा 9. पण एकदा खाली पडलात तर 8. म्हणजे पाडण्याला इथे रोख किंमत आहे. पंचांना नुसता हलका टकटक जॅब पुरेसा वाटत नाही. ठोशाने काही नुकसान झालं का, हेही ते बघतात. आणि फेऱ्या चार-सहापासून सुरू होऊन जगज्जेतेपदासाठी त्या काळी पंधरापर्यंत जायच्या. पंधरा फेऱ्या म्हणजे 45 मिनिटं. ऑलिंपिकच्या पाच लढती एकामागून एक, त्याच माणसाशी, त्याच रात्री.

एवढ्या वेळात काय बदलतं? बरगड्यांवरच्या ठोशाला अचानक अर्थ येतो. नऊ मिनिटांच्या लढतीत पोटात मारत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्याचं फळ मिळायच्या आत घंटा वाजते. पंधरा फेऱ्यांत मात्र ती पेरणी असते. तिसऱ्या फेरीत बरगडीखाली बसलेला ठोसा दहाव्या फेरीत उगवतो: श्वास तोकडा पडतो, कोपर आपोआप पोटाशी येतं, हात दोन इंच खाली जातो, आणि त्या दोन इंचांतून हनुवटी उघडी पडते. शेवग्याच्या झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड घालणं म्हणतात ते हेच. सहा फुटी माणसाचं धड लांब असतं, आणि 67 किलोत त्या धडावर कवच म्हणावं असं मांस फारसं नसतं.

आणखी एक फरक, जो प्रेक्षकांना दिसत नाही. हौशी स्पर्धेत समोर कोण येणार हे सोडत ठरवते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते मॅनेजर आणि प्रमोटर ठरवतात. नवा पोरगा असेल तर त्याला आधी सोपे, मग बेताचे, मग जरा टणक प्रतिस्पर्धी देत देत चढवत नेतात. त्याच्या नावापुढे शून्य पराभव राहिले पाहिजेत, कारण तिकिटं त्या शून्यावर विकली जातात. यात गैर काही नाही. आपले वस्तादही पोराला पहिल्याच मैदानात नामांकिताशी लावत नाहीत. पण ब्रेलँडसारख्या नावाजलेल्या पोराच्या बाबतीत घाई होते. टीव्हीला तो हवा असतो, लोकांना तो हवा असतो, आणि शिकायला लागणारी वर्षं कुणाला परवडत नाहीत. पहिल्या लढतीपासून सव्वादोन वर्षांत तो जगज्जेतेपदासाठी उभा होता.

ते जेतेपद रिकामं कसं झालं, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बॉक्सिंगमध्ये एका वजनी गटाचा एकच जगज्जेता असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ अशा संघटना, प्रत्येकीचा जगज्जेत्याला द्यायचा कमरपट्टा वेगळा. सप्टेंबर 1986 मध्ये ब्रिटनच्या लॉइड हनिगनने डोनाल्ड करीला हरवून हे तिन्ही पट्टे एकट्याने मिळवले. मग डब्ल्यूबीएने त्याला दक्षिण आफ्रिकेच्या हॅरॉल्ड वोल्ब्रेख्टशी लढायला सांगितलं. तेव्हा तिकडे वर्णभेदाची राजवट होती. हनिगन कृष्णवर्णीय. त्याने नकार दिला आणि तो पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. पट्टा रिकामा झाला. 6 फेब्रुवारी 1987 ला अटलांटिक सिटीत त्याच वोल्ब्रेख्टला सातव्या फेरीत संपवून ब्रेलँडने तो उचलला. वय तेवीस.

सहा महिनेच टिकला. 22 ऑगस्ट 1987 ला साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात समोर मार्लन स्टार्लिंग उभा राहिला. हार्टफर्डचा, मुरलेला, आधी दोनदा करीकडून हरलेला. कुणी त्याला फारशी संधी देत नव्हतं. स्टार्लिंगची उभं राहायची पद्धत बघण्यासारखी होती: दोन्ही हातमोजे गालांना चिकटवलेले, कोपरं बरगड्यांशी, घराची दारं-खिडक्या लावून घेतल्यासारखा. ब्रेलँडचा जॅब त्या दारावर वाजत राहिला. पंचांच्या कागदावर ब्रेलँडचे गुण वाढत राहिले, कारण मारत तोच होता. स्टार्लिंग आतल्या आत सरकत राहिला, चिकटत राहिला, धडावर मारत राहिला. तीन फेऱ्या झाल्या, पाच झाल्या, आठ झाल्या. ब्रेलँडचे पाय जड व्हायला लागले.

दहाव्या फेरीअखेर 30 मिनिटं झाली. गुणांवर ब्रेलँडच पुढे होता. अकराव्या फेरीत स्टार्लिंगने त्याला गाठलं, ब्रेलँड खाली गेला आणि लढत संपली. दमल्यावर उंच माणूस पडतो ना, तसा तो पडला: आधी गुडघे, मग बाकीचं. हौशी नियमांनी खेळले असते तर या लढतीचा निकाल नवव्या मिनिटाला लागून ब्रेलँड हसत घरी गेला असता.

एप्रिल 1988 मध्ये दोघं पुन्हा भिडले, यावेळी लढत 12 फेऱ्यांची. (1982 मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीत झालेल्या मारामुळे दगावला, त्यानंतर डब्ल्यूबीसीने पंधराच्या बारा केल्या आणि पाठोपाठ इतरांनी.) निकाल बरोबरी. पट्टा स्टार्लिंगकडेच राहिला, पण ब्रेलँड यावेळी शेवटच्या घंटेपर्यंत उभा होता. मला त्याच्या कारकिर्दीतली ही लढत सुवर्णपदकापेक्षा मोठी वाटते. मातीत हरलेला गादीवाला पुन्हा मातीत उतरला आणि पाठ लागू दिली नाही.

पुढे काही उलथापालथी होऊन डब्ल्यूबीएचा पट्टा पुन्हा रिकामा झाला. 4 फेब्रुवारी 1989 ला लास व्हेगासमध्ये ब्रेलँडने कोरियाच्या ली सेउंग-सूनला एक मिनिट व्हायच्या आत झोपवून तो परत घेतला. गंमत म्हणजे त्याच रात्री, त्याच ठिकाणी स्टार्लिंगने हनिगनकडून डब्ल्यूबीसीचा पट्टा हिसकावला. वेल्टरवेटचे दोन जगज्जेते एकाच संध्याकाळी, एकाच रिंगमध्ये तयार झाले. दुनिया कुणाला जगज्जेता म्हणणार ते ज्याने त्याने ठरवावं.

दुसऱ्या खेपेला ब्रेलँडने पट्टा चारदा राखला. त्यात हरवलं ते जिनिव्हात स्थानिक मार्टेलीला, टोकियोत ओझाकीला, आणि मार्च 1990 मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत खुद्द हनिगनला. जो पट्टा हनिगनने कचऱ्यात टाकला होता, तो आता ब्रेलँडच्या कमरेला होता, आणि हनिगन तो परत मिळवायला लढत होता. ब्रेलँडने त्याला पुन्हा पुन्हा पाडलं. तिसऱ्या फेरीत रेफ्रीने थांबवलं. हा ब्रेलँड सर्वोत्तम होता. जॅब तोच, उजवा हात तोच, पण आता तो लवकर संपवायला शिकला होता. आपल्या पायांत किती मिनिटं आहेत हे एव्हाना त्याला कळलं होतं.

मग जुलै 1990, अमेरिकेतलंच रिनो शहर, समोर ब्राँक्सचा अ‍ॅरन डेव्हिस. ब्रेलँडने जॅब मारमारून डेव्हिसचा एक डोळा सुजवून बंद केला. कुठल्याही क्षणी डॉक्टर लढत थांबवतील असं वाटत होतं. नवव्या फेरीत एका डोळ्याच्या डेव्हिसने उजवा हात सोडला आणि ब्रेलँड उठला नाही. गुणांचा कागद पुन्हा एकदा कुणी वाचलाच नाही.

त्यानंतर 1991 मध्ये होर्हे वाकाकडून हार, निवृत्ती, काही वर्षांनी छोटंसं पुनरागमन, आणि 1997 मध्ये कायमचा राम राम. यावर फार लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते पुढचं. ब्रेलँड प्रशिक्षक झाला आणि अलाबामाच्या डिऑन्टे वाइल्डरच्या कोपऱ्यात, म्हणजे रिंगच्या कडेला बॉक्सरची माणसं उभी राहतात तिथे, उभा राहू लागला. वाइल्डर 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदकवाला. आपल्या विजेंदर सिंगनेही कांस्य तिथेच मिळवलं, वेगळ्या वजनी गटात. 2015 मध्ये वाइल्डर डब्ल्यूबीसीचा हेवीवेट जगज्जेता झाला. विजेंदर व्यावसायिक झाला तेही त्याच वर्षी.

22 फेब्रुवारी 2020 ला लास व्हेगासमध्ये वाइल्डरसमोर ब्रिटनचा टायसन फ्युरी होता. वाइल्डर दोनदा पडला, कानातून रक्त येत होतं, पाय लटपटत होते. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल फेकला की अर्थ होतो: आमचा माणूस हरला, थांबवा. सातव्या फेरीत ब्रेलँडने टॉवेल फेकला.

वाइल्डर भडकला. आपल्याला लढतच राहायचं होतं, जे व्हायचं ते होऊ द्यायचं होतं, असं तो उघडपणे म्हणाला. काही महिन्यांनी ब्रेलँडला त्याच्या चमूतून काढून टाकण्यात आलं. ऑक्टोबर 2021 मध्ये फ्युरीशी तिसरी लढत झाली तेव्हा वाइल्डरच्या कोपऱ्यात दुसरा प्रशिक्षक होता. यावेळी टॉवेल आला नाही. वाइल्डर अकराव्या फेरीपर्यंत टिकला आणि तिथे पडला.